पदू मॉडेल

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर, या तिन्ही गावांत मिळून आपल्या बुलेटसारखा आवाज दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही, असं पदू भोपी छातीठोकपणे सांगत असे. "डोळे बांधा आणि शंभर गाड्या समोरनं जाऊ द्या. माझी आली की शेंबडं पोरपण सांगंल, पदूशेठ आला." माणसाने बढाई जरूर मारावी, पण पुढे ती आपल्याच विरुद्ध साक्षीला उभी राहील इतकी पक्की मारू नये. हे पदूला तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसतं.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. पदू अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होता आणि आई गोजरबाईबरोबर बुवापाड्यात राहत होता. मिलिटरीच्या लिलावातून निघालेली एक म्हातारी बुलेट त्याने घेतली होती आणि तिची तो अशी सेवा करी, की बघणाऱ्याला वाटावं हा गाडीवर बसत नसून गाडीच याच्यावर बसते. रविवारी सकाळी आधी गाडीचं तेल बघायचं, मग स्वतःचा चहा. गाडी पुसायला मऊ कापड लागतं म्हणून आईचं लुगडं जुनं व्हायचीदेखील त्याने कधी वाट पाहिली नाही.

तो आवाज मात्र मिलिटरीचा नव्हता. तो उल्हासनगरचा. पाच नंबर कॅम्पात टेकूमल नावाचा एक सिंधी वेल्डर होता. त्याच्या दुकानात स्टुलावर बसून पदूने कित्येक रविवार घालवले. टेकूमल सायलेन्सर कापी, आतली जाळी हलवी, पुन्हा जोडी, गाडीला लावी. पदू डोळे मिटून ऐके आणि मान हलवी. 'जरा भारी पाहिजे', 'जरा खालनं आला पाहिजे', असं चालायचं. इतकी चिकित्सा तर मुलगी बघताना कोणी केली नसेल. शेवटी एका रविवारी जमलं. आवाज असा घुमला की शेजारच्या फर्निचरवाल्याच्या कपाटांची दारं आपोआप उघडली. शिवाय गाडी जागेवर उभी असताना इंजिन दर थोड्या वेळाने एक ठोका गिळायचं आणि पुढचा जोरात द्यायचं. टेकूमल म्हणाला की हा दोष आहे, काढून टाकतो. पदू म्हणाला की त्याला हात लावलास तर बघ.

त्या दिवसापासून पदूचा सगळा संसार आवाजावर चालू लागला. नाक्यावरून आवाज आला की गोजरबाई तव्यावर भाकरी टाकत. पदू गाडी लावून पाय धुऊन येईपर्यंत भाकरी ताटात असे. कंपनीचा वॉचमन न बघताच फाटक उघडी. आणि खरं सांगायचं तर पदूचं लग्नही आवाजावरच जमलं.

मुलगी होती बदलापूर गावातली, वेणू. तिचे वडील विष्णुपंत गायकर, ग्रामपंचायतीतून निवृत्त झालेले कारकून. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते पखवाजामुळे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ऑपरेशनचं नाव काढू देत नसत. बघण्यासारखं आता काय राहिलंय, असं विचारत. त्यांचा सगळा कारभार कानांवर. गाय कोणाची हंबरली, कोणाच्या विहिरीचा रहाट कुरकुरला, ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचे. मुलगी बघायला पदू गेला तेव्हा त्याचं शिक्षण, पगार, पत्रिका, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. गाडी अंगणात आली, एक ठोका गिळून उभी राहिली, आणि त्यांच्या बोटांनी गुडघ्यावर आपोआप ताल धरला. "ठेका सच्चा आहे," ते म्हणाले. "ज्याची गाडी इतकी लयीत, तो माणूस वाकडा चालायचा नाही." बनूबाईंनी, म्हणजे वेणूच्या आईने, पोह्यांच्या बशा बाहेर आणायच्या आतच मुलगा पसंत झाला होता.

साखरपुडा झाला. लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. मधल्या काळात जावयाने सासुरवाडीचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी गायकरांच्या घरची रीत. पदूने त्यातून वाट काढली. पहिली पाळी असली की संध्याकाळी बदलापुरात जायचं, वेणूच्या घरावरून गाडी हळूच न्यायची, पारापाशी वळवायची आणि तशीच परत यायचं. थांबायचं नाही, बघायचं नाही, नुसतं वाजायचं. रस्ता सरकारचा आहे म्हणून विष्णुपंत काही बोलत नसत. दारामागे कोणी उभं राहतं का, हे पदूला कळायला मार्ग नव्हता. पण तिथं त्याचा हात आपोआप ढिला पडायचा, आणि तेवढ्या दहा-पंधरा हातांच्या रस्त्यासाठी तो अंबरनाथहून येत असे.

गडबड सुरू झाली ती भाकरीपासून. पदू घरी आला तर टोपलीत भाकऱ्यांची चळत, आणि सगळ्या गार. गोजरबाई तणतणत होत्या. आवाज आला म्हणून एक टाकली, तू आला नाहीस. पुन्हा आवाज आला, दुसरी टाकली. असा फेऱ्या का मारतोयस? पदू म्हणाला की तो आत्ताच कंपनीतून येतोय. गोजरबाई म्हणाल्या की त्यांचं वय झालं असेल, पण कान अजून जागेवर आहेत.

मग कंपनीत फोरमनने बोलावलं आणि दुसऱ्या पाळीत मध्येच गाडी काढून कुठे जातोस म्हणून झापलं. पदूने शपथा घेतल्या. फोरमन म्हणाला की भिंतीपलीकडे रोज आवाज येतो, तुझ्याशिवाय तो आवाज या तिन्ही गावांत कोणाचा नाही असं तूच चहाच्या टपरीवर सांगतोस, तेव्हा आता उगाच देवाला मध्ये आणू नकोस. हे बोलणं चालू असतानाच बाहेरून तोच आवाज धडधडत गेला. फोरमनने खिडकीकडे पाहिलं, मग समोर उभ्या पदूकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघ, गेलास की नाही?"

पदू घाबरला नाही, उलट त्याला जरा गंमत वाटली. कोणीतरी लांबून ऐकून चुकतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. आपल्यासारखी दुसरी गाडी असू शकते हा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. आपलं मूल चोरून नेऊन कोणी दुसऱ्याच्या दारात खेळायला ठेवलंय, असं कोणती आई मानेल?

आणि मग बदलापूरहून निरोप आला. लगेच भेटायला या. गाडी आणू नका.

पदू रिक्षाने गेला. गायकरांच्या ओट्यावर सतरंजी नव्हती, पाण्याचा तांब्या नव्हता. विष्णुपंत भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी थोडक्यात सांगितलं. गावाबाहेर चिंचेपाशी दोन वाटा फुटतात. डावी वेशीवरच्या देवळाकडे जाते, तिथं ते रोज संध्याकाळी भजनाला बसतात. उजवी नदीकडे, वीटभट्ट्यांकडे. भट्ट्यांच्या पलीकडे दारूचा गुत्ता आहे. गेले कित्येक दिवस पदूची गाडी संध्याकाळी त्या उजव्या वाटेने जाते आणि गुत्त्यापाशी थांबते. गुत्त्यावर जाणाऱ्याला ते मुलगी देणार नाहीत.

या आठवड्यात पदूची दुसरी पाळी होती, संध्याकाळी तो कंपनीत असायचा, हे त्याने सांगितलं. विष्णुपंतांनी तीही चौकशी केली होती. फोरमनकडे माणूस पाठवला होता, आणि फोरमनने सांगितलं होतं की पाळीत मध्येच गाडी बाहेर जाते खरी.

"अहो, पण ती माझी गाडी नव्हती."

"पदू," विष्णुपंत शांतपणे म्हणाले, "साखरपुड्याला तूच पंगतीत काय सांगितलंस? असा आवाज तिन्ही गावांत दुसरा नाही. सांगितलंस का नाही?"

पदूने मान खाली घातली. सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा जिलेबी खाता खाता.

दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. त्या आवाजाने पदूला जे वाटलं ते फोरमनच्या शिव्यांनीही वाटलं नव्हतं. त्याने रविवारपर्यंतची मुदत मागितली. तोपर्यंत खरं काय ते शोधून आणीन, नाहीतर तुमचा शब्द तुम्ही मागे घ्या, असं म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकूमलच्या दुकानात शिरला आणि दारातच थबकला. भिंतीवर ओळीने सायलेन्सर टांगले होते, मांडवाला दोडके लटकावेत तसे. सगळे एकाच मापाचे, एकाच वळणाचे. वर लाल रंगात पाटी होती, 'पदू मॉडेल'.

टेकूमलने आनंदाने हात पसरले. "आओ साईं, आओ. देखो, तुम्हारा नाम कर दिया."

खोटं कशाला बोलायचं, क्षणभर पदूची छाती फुगली. आपल्या नावाची पाटी उल्हासनगरात लागावी, ही काही लहान गोष्ट नाही. मग त्याला वेणू आठवली आणि तो मटकन स्टुलावर बसला. माझ्यासाठी बनवलेली वस्तू तू दुसऱ्यांना विकलीसच कशी, असं त्याने विचारलं. टेकूमलला प्रश्नच कळला नाही. "साईं, चीज अच्छी बनी, तो एकही क्यों बनाऊं? एक बनाना तो गलती होती है. दस बनाना धंधा." पाच नंबर कॅम्पात कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. नमुना घेऊन जायचा आणि तो एकटाच परत येईल अशी अपेक्षा ठेवायची, हा मूर्खपणा पदूचाच होता.

आणि तो गिळलेला ठोका? त्याचीही टेकूमलने काळजी घेतली होती. प्रत्येक सायलेन्सरमध्ये त्याने तो दोष जपून घातला होता. गिऱ्हाईक तोच मागत होतं.

सगळं ऐकून घेतल्यावर मात्र टेकूमल हळहळला. मुलीच्या लग्नाचा मामला आहे म्हटल्यावर त्याने आपणहून जबाबदारी घेतली. आतापर्यंत तीन सायलेन्सर गेले होते आणि गिऱ्हाइकं त्याला तोंडपाठ होती. एक अंबरनाथ पूर्वेचा प्लॉटचा दलाल. दुसरा पालेगावचा गोमा दूधवाला, कंपनीच्या भिंतीवरून आणि बुवापाड्यातून जायचा तो हाच. तिसरा सखा सोडावाला, गाडीला दोन्हीकडे सोड्याचे क्रेट बांधून बदलापूरभर फिरणारा. रविवारी सकाळी तिघांनाही बदलापुरात हजर करतो, असं टेकूमल म्हणाला, आणि स्वतःही यायचं ठरवलं. लग्न वाचवायचं होतंच, शिवाय नव्या गावात मालही दाखवता आला असता.

रविवारी चार बुलेट एका रांगेत बदलापूरच्या रस्त्याला लागल्या तेव्हा लोक दुकानांतून बाहेर आले. पदू सगळ्यांत मागे होता. आपला आवाज आपल्याच पुढे तीनदा चाललेला ऐकताना त्याला कसंसंच होत होतं. त्यातच अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपण काय घोळ घालून ठेवलाय. पंतांना आवाज वेगळे ओळखता आले नाहीत, तर गावासमोर त्यांच्या कानांची शोभा होणार, आणि शोभा झालेला सासरा मुलगी देत नसतो. ओळखता आले, तर मग गुत्त्यावरही त्यांनी बरोबरच ओळखलं असणार, म्हणजे पदू दारुडा ठरला. आड आणि विहीर दोन्ही त्याने स्वतःच खणली होती आणि मिरवणुकीने तिकडे निघाला होता.

गल्ली भरून गेली होती. पारापासून एकेक गाडी सोडायची, ती घरावरून जाऊन पुढच्या चौकात थांबायची, असं ठरलं. विष्णुपंत ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले, कोणी म्हणायला नको की अंधुक दिसलं. त्यांनी बोटं गुडघ्यावर ठेवली.

पहिला दलाल गेला. विष्णुपंत म्हणाले, हा या गल्लीत कधी आलेला नाही, मडगार्डाचा पत्रा सैल आहे. दलालाने वाकून पाहिलं. होता.

दुसरा गोमा गेला. हा मागे काहीतरी लटकवून फिरतो, विष्णुपंत म्हणाले, आज ते नाही म्हणून गाडीला चुकल्याचुकल्यासारखं होतंय. बहुतेक दूध. गल्ली हसली आणि गोमाने हात जोडले.

तिसरा पदू. त्याने मनाशी ठरवलं होतं की गाडी जोरात न्यायची, ठोका लपवायचा, काहीतरी करून ओळखू द्यायची नाही. पण वेणूचं दार आलं आणि इतक्या दिवसांच्या सवयीने हात ढिला पडला. गाडीने एक ठोका गिळला, पुढचा दिला आणि हळूच पुढे गेली.

"हा आमचा पदू," विष्णुपंत म्हणाले. "कितीही लपवलं तरी घरासमोर हळू होतो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पदू चौकात गाडीवर तसाच बसून राहिला. ओळखला गेला होता. संपलं, असं त्याला वाटलं.

चौथा सखा. तो घरावरून धडधडत गेला आणि विष्णुपंतांची बोटं थांबली. त्यांनी कान टवकारले. चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग हळूहळू उजेड पडला.

"हा आहे," ते म्हणाले. "गुत्त्यावरचा हा आहे, पदू नव्हे. आता बंद करेल तेव्हा दोनदा ढेकर देईल, ऐका."

चौकात सखाने गाडी बंद केली. गाडीने एक ढेकर दिली, थांबली आणि दुसरी दिली.

गल्लीत टाळ्या झाल्या. सखाने लगेच कबूल केलं, गुत्त्यावर तो रोज संध्याकाळी जातो, सोडा उतरवायला. स्वतः थेंबाला शिवत नाही, माळकरी आहे. विष्णुपंतांनी उठून पदूला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. माझ्या कानांनी तुला अडकवलं, माझ्याच कानांनी सोडवलं, असं ते अभिमानाने म्हणाले. पदू त्यांच्या पाया पडला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. टेकूमल तोवर दोन पोरांना सायलेन्सरची खासियत समजावू लागला होता.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बनूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्या सहसा चारचौघांत बोलत नसत. त्यांनी सगळ्यांना कप दिले, शेवटचा नवऱ्यासमोर ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं,

"एक इचारू? नदीकडनं वारा आला का गाडीचा आवाज आपल्या ओट्यावर येतो, त्यो मीपण आयकते. पर ढेकर नाय आयकली कदी. तुमी कुठनं आयकलीत?"

विष्णुपंतांनी कप तोंडाला लावला. भजनाला जाता-येता कानावर पडली असेल, असं ते म्हणाले. बनूबाई म्हणाल्या की भजनाला चिंचेपासून डावीकडे जातात.

सखा सरळमार्गी माणूस. पंतांची अडचण त्याला बघवेना. मदतीला म्हणून तो पुढे झाला. "काकी, पंतांचं खरं हाय. ढेकर दोनच. पाहिजे तर साक्षीदार देतो. मी गाडी बंद केली का एक म्हातारा रोज मागच्या दारानं वीटभट्टीतनं पळतो. पोलीस आला समजतो वाटतं बिचारा. तोंड कदी दिसलं नाय, नुसता धोतराचा सोगा दिसतो. पन त्यो सांगंल तुमाला."

चोराच्या उलट्या बोंबा हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पण चोराने स्वतःच्या तोंडाने इतका बारकाईने पुरावा दिलेला कोणी पाहिला नव्हता. बनूबाईंनी दांडीवर वाळत घातलेल्या धोतराकडे पाहिलं. त्याचा काठ धुऊनही तांबूस राहिला होता.

"देवळात फरशी बसवतात म्हनून सांगितलंत," त्या म्हणाल्या. "म्हनलं, एवढी लाल कंची फरशी. मी आपली रोज साबन लावते." त्यांनी धोतराचा काठ बोटांनी चोळून पाहिला. "जावई आला समजून पळत हुतात?"

विष्णुपंतांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"आनि आज भिंतीकडं बघून सगळ्या गाड्या वळखल्यात. एवढा कान तुमचा. मंग तिथं बसल्यावर जावई आनि सोडावाला येकच कसं वाटलं?"

याला उत्तर होतं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्याचा वासही येतो. म्हणून कोणी दिलं नाही. विष्णुपंत सावकाश वळले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. पदूला त्या क्षणी म्हाताऱ्याची मनापासून दया आली. बिचारा रोज आपल्याला भिऊन विटांच्या ढिगांतून धोतर सावरत पळत होता, आणि आपला गुन्हा एवढाच की आपण तिथं नव्हतो.

निकाल बनूबाईंनी दिला. लग्न ठरल्या दिवशी होईल. गुत्ता बंद. डोळ्यांचं ऑपरेशन थंडीत करून घ्यायचं. पंतांनी प्रत्येक गोष्टीला भिंतीकडे बघूनच होकार दिला.

निघताना वेणूने पदूला पाणी आणून दिलं. आतापर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तांब्या देता देता हळूच म्हणाली, "ते तुम्ही नव्हतात, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो घरासमोर हळू होत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मी रोज दारामागं उभी राहून ऐकते म्हणून?"

पदूने तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. त्याला तहान नव्हती.

या सगळ्या प्रकरणानंतर पदूला शहाणपण सुचलं होतं. मॉडेलचा मोह सोडायचा, साधा कंपनीचा सायलेन्सर लावायचा आणि चार लोकांसारखं गुपचूप जायचं-यायचं. उद्याच बदलतो, असं त्याने बनूबाईंना सांगून टाकलं. त्यांना बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं.

"नाय," बनूबाई म्हणाल्या. "त्योच ऱ्हाऊ दे."

त्याचा अर्थ त्याला लग्नानंतर कळला. पंतांनी संध्याकाळी एकट्याने भजनाला जायचं नाही. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात जावयाने बुलेटवरून सोडायचं आणि आणायचं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बनूबाई स्वतः बरोबर चालत जाणार. गाडी निघाली की बनूबाई दारात उभ्या राहत आणि आवाज चिंचेपासून डावीकडे गेला याची खात्री झाल्यावरच चुलीकडे वळत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हणतात, इथे दोन मांजरांना मिळून एकच बांधली होती, आणि तीही त्यातल्या एकाने हौसेने, स्टुलावर बसून, स्वतःच घडवून घेतलेली. बुवापाड्यातही तीच तऱ्हा. पदू मित्रांबरोबर नाक्यावर थांबला, की गोजरबाई आणि वेणू दोघींना घरबसल्या कळे.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी, वेणू माहेरी आलेली असताना, पंतांना घेऊन पदू चिंचेपाशी आला. दिवसभर उकडत होतं. मागे बसलेल्या पंतांनी त्याच्या खांद्याला हात लावला.

"जावईबापू," ते अगदी खालच्या पट्टीत म्हणाले, "इथं गाडी बंद करून ढकलत नेली तर?"

पदूने स्पष्ट नकार दिला. पंत म्हणाले की त्यांना काही नको, नुसता सोडा पुरे, सखाकडचा, गार. सोड्याला कोण नाही म्हणणार? पदू खाली उतरला. मिलिटरीची बुलेट मातीच्या वाटेने ढकलणं म्हणजे काय, हे ज्याने ढकलली त्यालाच माहीत. एक हँडल धरून, दुसरा मागून रेटत, दोघे घामाघूम होऊन, एक शब्द न बोलता भट्ट्यांमधून गेले. सोडा प्याले. पदू तरी सोडाच प्याला. मग तसेच ढकलत चिंचेपर्यंत परत आले, पदूने किक मारली, आणि दोघे ऐटीत, ठेका धरून घरी पोचले.

बनूबाई आणि वेणू दारात उभ्या होत्या.

"चिंचेपाशी आवाज बंद झाला हुता," बनूबाई म्हणाल्या.

"पंक्चर झाली होती," पदू म्हणाला.

बनूबाईंनी टायरकडे पाहिलं नाही. वेणूनेही पाहिलं नाही. दोघी खाली, त्यांच्या पायांकडे बघत होत्या. तेव्हा जावयाने आणि सासऱ्यानेही खाली पाहिलं. पंतांना मोतीबिंदू काढल्यापासून आता चांगलं दिसत होतं. चारही पाय घोट्यापर्यंत लाल होते.